तरुण संघात दुसरी संधी कशी द्यायची: पहिल्या दिवसापासून बाराव्या आठवड्यापर्यंत

चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात रात्री दोन मुलं हॉलच्या मागे दारू पिताना सापडतात. एक दर रविवारी उपासनेत गिटार वाजवतो, दुसरा सहा महिन्यांपूर्वी यायला लागलेला. पुढच्या रविवारी गिटारवाला व्यासपीठावर असतो, कारण दुसरं कोणी वाजवणारं नाही. दुसरा पुन्हा दिसत नाही, कारण त्याला कोणी बोलावलंच नाही. शिक्षा दोघांनाही झाली नाही आणि कृपाही दोघांना मिळाली नाही. एकाची गरज होती म्हणून त्याला वापरून घेतलं, दुसऱ्याची नव्हती म्हणून त्याला विसरून गेलो.

कृपा आयत्या वेळच्या मनावर सोडली की ती ओळखीच्यांना, हुशारांना आणि पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) नातेवाइकांना मिळते. घणसोलीच्या चाळीतून एकटी येणारी मुलगी आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचाचा मुलगा यांच्याकडून सारखीच चूक झाली, तर दोघांना सारखीच वाट मिळाली पाहिजे. त्यासाठी ती वाट कोणी चुकण्याआधी कागदावर उतरवावी लागते. हा लेख ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यातल्या तरुण संघांच्या पुढाऱ्यांसाठी आहे. मंडळी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथॉडिस्ट असो, पेंटेकॉस्टल असो की कॅथलिक पॅरिश, बहुतेक पायऱ्या सारख्याच राहतील.

आधी तीन शब्द वेगळे करा

क्षमा, विश्वास आणि जबाबदारी या तीन गोष्टी एकच समजल्या जातात आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. क्षमा त्याच दिवशी देता येते. विश्वास दिसणाऱ्या वागण्यावर, हळूहळू परत बांधला जातो. जबाबदारी, म्हणजे पैसे सांभाळणं, लहान मुलांचा वर्ग घेणं, व्यासपीठावर उभं राहणं, ही विश्वासाच्या मागून येते. "माफ केलं ना, मग परत खजिनदार का नाही?" या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे. आणि "अजून खजिनदार केलं नाही, म्हणजे माफ केलंच नाही" ही तक्रार का चुकीची, तेही यातूनच कळतं.

पवित्र शास्त्रात हा क्रम दिसतो. योहानाच्या २१व्या अध्यायात, प्रभूला तीनदा नाकारलेल्या पेत्राला परत उभं करताना प्रभू आधी कोळशांच्या विस्तवावर भाजलेली मासळी आणि भाकर देतो, मग तीनदा विचारतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरं सोपवतो. जेवण आधी, प्रश्न नंतर, काम शेवटी. त्याआधी पेत्राची प्रभूशी एकट्याने भेट झाली होती, हे लूक २४:३४ मध्ये येतं. त्या भेटीत काय बोलणं झालं, ते कुठेच लिहिलेलं नाही. तरुण संघाच्या पुढाऱ्याने हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचावेत.

मार्काचंही तसंच. सुवार्तेच्या फेरीत तो पंफुल्यात सोबत सोडून गेला म्हणून पौलाने त्याला पुढच्या फेरीत न्यायला नकार दिला, आणि त्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५). बर्णबाने मार्काला सोबत घेतलं. पुढे तोच पौल तीमथ्याला कळवतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. पौलाचा नकार आणि बर्णबाची सोबत, दोन्ही त्याच माणसाच्या वाट्याला आले. संघात एक पौल असेल तर एक बर्णबाही लागतो.

पायरी १: एक पान, तीन कप्पे

यासाठी चौघांनी बसायचं: पाळक किंवा फादर, संघाचा प्रमुख, मंडळीतली एक वडीलधारी व्यक्ती आणि मुलींशी बोलू शकेल अशी एक प्रौढ ताई किंवा आंटी. दीड-दीड तासाच्या दोन बैठका पुरतात. वेळ जूनमधली बरी, शाळा-कॉलेजं नुकती सुरू झालेली असतात. एखादी घटना घडल्यावर लगेच ही बैठक घेऊ नका. तेव्हा नियम लिहायला बसलं की तो एका माणसाकडे बघून लिहिला जातो. चौघांपैकी कोणाचं मूल किंवा नातेवाईक प्रकरणात असेल तर त्या वेळी तो बाजूला होईल आणि पाचवा माणूस बसेल, हेही आधीच लिहा. त्या पाचव्याचं नावसुद्धा.

पहिला कप्पा रोजच्या चुकांचा. उशीर, उलट बोलणं, बायबल अभ्यासात मोबाइल, संघाच्या गटात घाण विनोद टाकणं, किरकोळ हातघाई, एकदा सापडलेली सिगारेट किंवा वेप (ई-सिगारेट). वेपच्या विक्रीवर देशात २०१९ पासूनच बंदी आहे, म्हणून तो कुठून आला हेही विचारा. या गोष्टी त्या मुलाच्या गटाच्या पुढाऱ्याने त्याच आठवड्यात एकट्याशी बोलून मिटवायच्या. मत्तय १८:१५ मध्ये सांगितलेलं हेच: आधी एकांतात. चौघांपर्यंत येऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येक पोराची फाइल तयार होते.

दुसरा कप्पा विश्वासघाताचा. संघाचे पैसे वापरणं, पुढारी असून शिबिरात दारू पिणं, कोणीतरी प्रार्थनेसाठी सांगितलेली खाजगी गोष्ट स्क्रीनशॉट काढून पसरवणं, सतत खोटं बोलणं, एखाद्याला महिनोन्महिने चिडवून हैराण करणं. इथे बारा आठवड्यांची योजना लागते. हा लेख मुख्यतः याच कप्प्याबद्दल आहे.

तिसरा कप्पा मुलांच्या सुरक्षिततेचा आणि कायद्याचा. तिथे आपली दुसरी संधी वगैरे भाषा थांबते.

तिसऱ्या कप्प्यात काय करायचं

१८ वर्षांखालच्या कोणाही मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक छळ झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर ती एक वर्षापर्यंत जाते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे.

"आधी मंडळीत बोलू, मग बघू" हे इथे चालत नाही. आपण स्वतः चौकशी करायची नाही, मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही, आरोप असलेल्या माणसाला समोर बसवायचं नाही. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून लिहायचं. १०९८ या चाइल्डलाइनवर फोन केला तर पुढचं मार्गदर्शन मिळतं. पोलीस ठाण्याची भीती वाटून घरचे मागे हटतात, तेव्हा त्यांना कायदा सांगा: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला अधिकारी असावी, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

प्रौढ व्यक्तीने मुलाला इजा केली असेल तर तिचा देवापुढचा पश्चात्ताप ही तिची आणि तिच्या पाळकांची गोष्ट. पण ती व्यक्ती मुलांच्या कामात परत येणार नाही, कधीच नाही. हे वाक्य आपल्या पानावर जसंच्या तसं लिहा. त्याखाली "अपवाद" लिहायला जागा ठेवू नका.

दोन अल्पवयीन मुलांमधल्या संबंधांबद्दल कळलं तर गोंधळ होतो, कारण १८ खालच्या संमतीला कायदा मानत नाही. इथे पुढाऱ्याने आपल्या अंदाजाने निर्णय घेऊ नये. १०९८ वर आणि मंडळीच्या ओळखीच्या वकिलाशी त्याच दिवशी बोलावं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कोणी केली तर ती शिस्तीची बाब नव्हेच. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदत) क्रमांकावर फोन लावा. तातडीच्या धोक्यात ११२.

पायरी २: पहिले दोन दिवस

दुसऱ्या कप्प्यातली गोष्ट कळल्यावर ४८ तासांत पहिली भेट व्हावी. त्याहून उशीर झाला की ऐरोलीपासून खारघरपर्यंत सगळ्यांना काहीतरी कळलेलं असतं आणि त्या मुलाला सर्वांत शेवटी कळतं की आपल्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे.

या दोन दिवसांत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे त्याला व्हॉट्सॲप गटातून काढणं. आपल्याला वाटतं, वातावरण निवळू दे. पण "तुम्हाला काढण्यात आले आहे" ही ओळ त्याला रात्री एकट्याला वाचायला मिळते, आणि त्याच्या लेखी मंडळीने त्याला बाहेर काढलेलं असतं. गटातून काढू नका, गटात लिहूही नका. एक साधा निरोप पाठवा, एकट्याला:

"शिबिरातल्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. शनिवारी चार वाजता चर्च हॉलवर ये. मी आणि ताई असू. तू आमचाच आहेस, हे आधी सांगतो. यायला जमणार नसेल तर वेळ बदलू."

"बोलायचं आहे" एवढंच लिहिलं तर मुलं दोन रात्री झोपत नाहीत. विषय लिहा, कोण असेल ते लिहा.

जागेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. अनेक मंडळ्या नवी मुंबईत सेक्टरमधला हॉल रविवारी दोन-तीन तासांसाठी भाड्याने घेतात, एरवी जागाच नसते. तरी रविवारी उपासनेनंतर भेट ठेवू नका, सगळे बघत असतात. कॅफेत नको, तिथे संघातलंच कोणी येऊन बसतं. एकट्याला गाडीत बसवून "चक्कर मारू या" तर मुळीच नको. दोन प्रौढ, दार उघडं, बाहेरून दिसेल अशी खोली. मुलगी असेल तर दोघांपैकी एक बाई. पाळकांच्या घरची बैठकीची खोली चालते, घरात इतर माणसं असताना. मूल कळंबोलीहून येणार आणि भेट ठाण्यात असेल, तर येण्याजाण्याचा वेळ धरा. आठ वाजता घरी पोचायचं असेल तर बोलणं साडेपाचला संपलं पाहिजे.

पायरी ३: पहिलं बोलणं

पाऊण तास. सुरुवातीलाच गुप्ततेची मर्यादा सांगा: "तू सांगशील ते आम्ही तुला न सांगता चौघांबाहेर नेणार नाही. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे किंवा कोणा लहान मुलाला त्रास होतोय असं कळलं, तर आम्हाला सांगावं लागेल." "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते मोडावं लागलं तर तो पुढे कधीच तोंड उघडणार नाही.

पहिली वीस मिनिटं आपण गप्प. प्रश्न चारच: काय झालं? त्या वेळी मनात काय चाललं होतं? याचा त्रास कोणाकोणाला झाला? आता काय दुरुस्त करता येईल? "का केलंस?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर सतरा वर्षांच्या मुलाकडे नसतं आणि तो मग आपल्याला हवं ते काहीतरी बनवून सांगतो. चौथ्या प्रश्नानंतर लगेच उत्तर सुचवू नका. शांतता दोन मिनिटं टिकली तरी टिकू द्या.

तो सगळं नाकारेल. पहिल्या भेटीत बहुतेक मुलं नाकारतात. वाद घालू नका, पुरावे टेबलावर आपटू नका. "आम्हाला जे कळलं ते असं आहे. तू विचार कर, बुधवारी परत बोलू." घाबरलेला माणूस आधी खोटं बोलतो, मग खरं. पेत्रसुद्धा कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारून बसला होता.

शेवटी प्रार्थना, दोन मिनिटांची. इथे फार जपा. आपल्याकडे प्रार्थनेतून टोमणे मारायची सवय आहे: "प्रभू, आईवडील किती कष्ट करतात हे याला कळू दे." तो डोळे मिटून उपदेश ऐकत असतो, आणि उलट उत्तरही देऊ शकत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्याविषयी देवाकडे तक्रार नको. कॅथलिक पॅरिशमध्ये प्रायश्चित्त संस्काराची (फादरांपुढे पापांची कबुली) आठवण करून द्यायला हरकत नाही, पण ही बैठक म्हणजे तो संस्कार नव्हे आणि तिथे काय सांगितलं हे कधीही विचारायचं नाही. प्रभुभोजन घ्यावं की नाही हा निर्णय पाळकांचा. संघाच्या पुढाऱ्याने त्यावर बोलू नये.

पायरी ४: ज्याला त्रास झाला त्याच्याकडे

चुकलेल्याभोवती आपण इतके गोळा होतो की जिचा स्क्रीनशॉट पसरला ती मुलगी मागे राहते. त्याच आठवड्यात वेगळ्या माणसाने तिला भेटायचं आणि विचारायचं: तुला सुरक्षित वाटायला काय हवं? कदाचित तिला काही आठवडे त्या व्यक्तीसोबत एका गटात बसायचं नसेल. तसं करा. वेगळ्या गटात जायचं असेल तर चुकलेल्याने जायचं, तिने नाही.

"ख्रिस्ती आहेस ना, माफ कर" असं कोणी तिला म्हणू नये, आईसुद्धा. सत्तर वेळा सात क्षमा करा हे वचन जखमी माणसाच्या गळ्यावर ठेवायचं नसतं. समोरासमोर भेट तिची इच्छा असेल तरच, आधी दोघांशी वेगळं बोलून, आणि माफीनामा आधी वाचून. त्यात "जर तुला वाईट वाटलं असेल तर" अशी ओळ असेल तर भेट पुढे ढकला.

पायरी ५: बारा आठवड्यांचं पान

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल लिहितो की बहुतेकांनी केलेली शिक्षा आता पुरे, त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो अति दुःखाने गिळला जाईल. शिक्षेला शेवट असतो, हे त्या ओळींतलं मोलाचं. आपल्याकडे सर्वांत क्रूर वाक्य "बघू पुढे" हे आहे. मूल दर रविवारी येतं, आज तरी कोणी काही म्हणेल म्हणून थांबतं, आणि सहाव्या रविवारी यायचं थांबतं. म्हणून तारीख घाला.

उदाहरण घेऊ. १९ वर्षांचा खजिनदार, दुसऱ्या वर्षाला शिकणारा, संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेणारा. शिबिराची फी माणशी १,८०० रुपये. ३५ जणांचे ६३,००० त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर आले, आणि हिशेबात ७,२०० कमी, म्हणजे चौघांची फी. त्याने ते उसने म्हणून वापरले, भरता आले नाहीत. त्याच्या पानावर हे असावं:

"काय झालं: शिबिराच्या फीमधले ७,२०० रुपये मी स्वतःसाठी वापरले आणि हिशेबात लपवले.

काय थांबतं: आजपासून बारा आठवडे रविवारचं सूत्रसंचालन, आणि निदान परतफेड संपेपर्यंत खजिनदारपद.

काय सुरू राहतं: रविवारची उपासना, बुधवारचा बायबल अभ्यास, फुटबॉल, संघाचा गट, वाढदिवस, शिबिर.

काय भरून द्यायचं: दरमहा ६०० रुपये, बारा महिने, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मंडळीच्या खात्यात.

सोबती: मंडळीतले एक काका, दर शनिवारी अर्धा तास.

कोणाला माहीत: चौघं आणि सोबती.

आढावा: सहाव्या आठवड्यात आणि बाराव्या आठवड्यात, तारखेसह."

दोन प्रती, दोघांच्या सह्या. मूल १८ खालचं असेल तर पालकांचीही.

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ "काय सुरू राहतं" ही. पुष्कळ पुढारी ती लिहीतच नाहीत. पद काढताना संगत काढली जाते: उपासनेनंतर स्टेशनपर्यंत चालत जाणारी, वाटेत वडापाव खाणारी टोळी. ती सुटली की मूल सुटलं. व्यासपीठ काढा, वडापाव काढू नका.

परतफेड मुलाने आपल्या कमाईतून करावी. बाप लाजेने एका दमात ७,२०० भरून टाकतो, तेव्हा मुलाकडे करण्यासारखं काही उरत नाही. वडिलांशी बोलून ते पैसे थांबवा. शिबिराचा खड्डा तोवर मंडळीने भरावा. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाला "चौपट दे" असं प्रभूने सांगितलं नव्हतं. आधी प्रभू त्याच्या घरी उतरला, मग ते जक्कयच्या तोंडून निघालं. म्हणून रक्कम आणि मुदत शक्यतो त्याला स्वतःला सुचवू द्या. जास्त सुचवली तर कमी करा. आठ-दहा शिकवण्या घेणारा पोरगा उत्साहात महिन्याला दोन हजार म्हणतो आणि दुसऱ्याच महिन्यात चुकतो.

भरपाई म्हणून संडास धुवायला किंवा सगळ्यांच्या खुर्च्या एकट्याने उचलायला लावू नका. जे काम आपण शिक्षा म्हणून देतो ते काम संघात पुढे कोणी सेवा म्हणून करत नाही.

आणि स्वतःची चूकही पानाबाहेर, चौघांच्या वहीत लिहा: ६३,००० रुपये एका १९ वर्षांच्या मुलाच्या खाजगी यूपीआयवर का गेले? पुढच्या वेळी फी मंडळीच्या खात्यात, यादी दोघांनी दर रविवारी ताडून बघायची. नियम सगळ्यांसाठी, फक्त त्याच्यासाठी नाही.

पायरी ६: सोबती काय करतो

गलतीकरांस ६:१ म्हणतं, सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा. सोबती म्हणजे पहारेकरी नव्हे. संघाचा प्रमुख सोबती नसावा, कारण निर्णय त्याच्याकडे आहे. तीस-पन्नास वयाचा, कमी बोलणारा, वेळ पाळणारा माणूस बघा. मुलाला पुरुष, मुलीला बाई. भेट उघड्या जागी: तलावपाळीला एक फेरी, सागर विहारच्या कट्ट्यावर चहा, नाहीतर फलाटावरचं बाकडं.

अर्धा तास. दहा मिनिटं आठवडा कसा गेला, दहा मिनिटं पानावरची एक ओळ, दहा मिनिटं एखादा लहान उतारा आणि प्रार्थना. पहिले तीन आठवडे अवघड जातात, मूल "ठीक आहे" पलीकडे बोलत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात घरची गोष्ट बाहेर येते: बापाचं कर्ज, दारू, कोचिंगचा ताण, ऑनलाइन जुगार. तोपर्यंत सोबत्याने कंटाळायचं नाही. सोबत्याने चौघांना फक्त दोन गोष्टी कळवायच्या: भेट झाली की नाही, आणि कुठे मदत लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीचं मूल असेल तर भेटी पंधरा मिनिटांच्या फोनवर आणा आणि तेवढे आठवडे पुढे वाढवा. परीक्षेच्या तोंडावर आढावा ठेवू नका.

मध्येच परत घसरला तर

हे होईल, असं धरूनच पान लिहा. फरक एकाच गोष्टीने करा: त्याने स्वतः येऊन सांगितलं की लपवलं? स्वतः सांगितलं तर योजना तशीच चालू, एक-दोन आठवडे वाढवा. लपवलं आणि सापडलं तर चौघं परत बसतात, सोबती बदलायचा का बघतात, आणि घड्याळ पुन्हा पहिल्या आठवड्यावर. तिसऱ्यांदा तसंच झालं तर पद या वर्षी परत येणार नाही हे स्पष्ट सांगा, पण "काय सुरू राहतं" ही ओळ तेव्हाही खोडायची नाही. दारू किंवा जुगार सुटत नसेल तर ती शिस्तीची नाही, उपचाराची गोष्ट झाली. समुपदेशक आणि डॉक्टरकडे न्या.

घरचे आणि बाकीचा संघ

१८ खालच्या मुलाच्या घरी सांगावं लागतं, पण आधी मुलाला विचारा: घरी कळलं तर काय होईल? मार बसेल असं म्हणाला तर एकटं पाठवू नका. पाळक आणि ताई सोबत जाऊन, बापासमोर बसून सांगतात. "मंडळीने त्याला सोडलेलं नाही" हे पहिलं वाक्य. आईवडिलांना चुकीपेक्षा "लोक काय म्हणतील" याची धास्ती मोठी असते. कोणाकोणाला माहीत आहे ते मोजून सांगितलं की ती कमी होते. काही घरांत शिक्षा म्हणून चर्चच बंद करतात. त्यांना विनवा की ट्रिप बंद करा, मोबाइल काढा, पण संघ बंद करू नका. १९-२० वर्षांच्या मुलाच्या घरी त्याला न विचारता जाऊ नका.

संघाला सांगायचं ते तीन वाक्यांत: "एक चूक झाली आहे, ती आम्ही पाहतो आहोत. तो आपल्यातच आहे. त्याला काही विचारायचं नाही, मला विचारा." नंतर विचारणाऱ्यांना हेच वाक्य परत. तपशील मागणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट तपासा. सारख्याच चुकीला मुलाला सहा आठवडे आणि मुलीला कायमचं घरी बसणं, असं आपल्या मंडळ्यांत सर्रास होतं. आढाव्याच्या वेळी जुनी पानं शेजारी ठेवा आणि मोजा.

पायरी ७: परत उभं करणं

बारावा आठवडा आला की तारीख पाळा. त्या दिवशी पाळक आजारी असतील तर बाकी तिघांनी बसा. विचारायचं एवढंच: पानावर लिहिलेलं झालं का? झालं असेल तर थांबलेलं काम परत द्या, त्याच आठवड्यात. "अजून मनापासून वाटत नाही" हे कारण चालणार नाही, कारण मन पानावर लिहिलेलं नव्हतं. पुढारी असेल तर पहिले चार रविवार दुसऱ्या कोणासोबत जोडीने, मग एकट्याने. पैशांचं काम त्याला नाही, निदान परतफेड संपेपर्यंत नाही, आणि नंतरही कोणालाच एकट्याने नाही.

साक्ष द्यायला व्यासपीठावर बोलावू नका. आपल्याला ते फार गोड वाटतं, टाळ्या पडतात, पाळक रडतात. पण ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्या दिवशी कळतं, आणि पुढची पाच वर्षं तो "तो पैसेवाला" म्हणून ओळखला जातो. कधी त्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर वर्ष जाऊ द्या, मग आधी सोबत्याला ऐकवू द्या.

पहिल्या दोन कप्प्यांची पानं कुलपात ठेवा, फोनमध्ये फोटो काढू नका. परतफेड बाकी असेल तेवढ्यापुरतं ठेवून, शेवटच्या आढाव्यानंतर एक वर्षाने त्या मुलासमोर फाडून टाका. तिसऱ्या कप्प्यातले कागद कधीच फाडायचे नाहीत.

काही मुलं पहिल्याच भेटीला येत नाहीत. फोन उचलत नाहीत, स्टेशनवर दिसली तर डबा बदलतात. मागे लागू नका आणि नावही कापू नका. महिन्यातून एक निरोप, ज्यात प्रश्न नसेल: "उद्या नाताळच्या गाण्यांचा सराव आहे, सहा वाजता. तुझी आठवण आली." उत्तर आलं नाही तरी पुढच्या महिन्यात पुन्हा. वाढदिवसाला फोन, नुसत्या शुभेच्छा. आणि मे महिन्याच्या शिबिराचे फॉर्म वाटाल तेव्हा एक त्यालाही पाठवा, नाव आधीच भरून, फीची शेवटची तारीख उलटायच्या निदान पंधरा दिवस आधी.